हन्नामावशीचा उजवा गुडघा

हन्नामावशीने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. ती नुसतं सांगायची. शनिवारी तिन्हीसांजेला मी तिच्या ओट्यावरून हाक मारली की आतल्या काळोखातून आवाज यायचा, "आज घरात लई अंधार हाय गो." एवढंच. दिवा लाव, असं ती म्हणायची नाही. मी आत जाऊन बटण दाबायचे तेव्हा ती हात मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत बसलेली असायची, जणू दिवा लागला याच्याशी तिचा काही संबंधच नाही. जरा वेळाने पुढचं वाक्य यायचं, "मगाधरनं च्याची तल्लफ आलीय." मग मी गॅस पेटवून चहा ठेवायचे.

मावशी ज्यू होती. आमच्या कोकणात तिच्या लोकांना पूर्वी शनिवार तेली म्हणत, कारण त्यांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असत. शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत आग पेटवायची नाही, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, फोन उचलायचा नाही, आणि दुसऱ्या कुणाला 'माझ्यासाठी एवढं कर' असंही सांगायचं नाही. घरात अंधार आहे हे सांगायला मात्र बंदी नाही. हा मधला रस्ता कुणी शोधला ठाऊक नाही, पण शोधणाऱ्याला चहाची सवय असणार. पावसाळ्यात ढगांमुळे चांदण्या दिसायच्या नाहीत आणि मावशीचा शनिवार उगाचच लांबायचा. "आज देवानं झाकण उघडलंच नाय," असं म्हणत ती ओट्यावर बसून राहायची.

रोह्याला लागून असलेल्या आमच्या वरसे गावात पूर्वी तिच्या लोकांची काही घरं होती. कुणी मुंबईला गेले, बरेचसे इस्राएलला. राहिली ती एकटी. तिच्याकडे शनिवारी दिवा लावायला आधी माझी आई जायची. आई गेल्यावर मी जायला लागले. मी लग्न केलं नाही. रोह्याच्या बाजारात माझी फिजिओथेरपीची एक खोली आहे, तिथे दिवसभर लोकांचे गुडघे, खांदे आणि तक्रारी हातात घेऊन बसते, आणि संध्याकाळी घरी येऊन टीव्हीशी बोलते. शनिवार तेवढा वेगळा असायचा. त्या दिवशी कुणीतरी अंधारात माझी वाट बघत असायचं.

मावशीचा मुलगा सोलोमन वीसेक वर्षांपूर्वी बायको-मुलीला घेऊन इस्राएलला गेला. जाताना त्याने आईलाही चल म्हटलं. सणाला पेणच्या सिनेगॉगमध्ये सगळे जमले होते, तिथे सर्वांदेखत मावशीने ठणकावून सांगितलं, "तुझा बापूस इथल्या मातीत हाय. मी कुठं बी येणार नाय. परत विचारू बी नको." मुलगा आज्ञाधारक. त्याने परत विचारलंच नाही. दर रविवारी फोन यायचा, पैसेही न चुकता यायचे, दोन-तीन वर्षांनी तो स्वतः येऊन भेटून जायचा, पण हा विषय कुणी काढला नाही. मावशी म्हणायची, "बोललेला शबुद परत गिळायचा नसतो. घशात अडकतो."

मग तिचा उजवा गुडघा बिघडला. उठताना कटकट वाजायचा, ओट्याच्या पायऱ्या उतरताना मध्येच अडकायचा, आणि बाजारातून चालत आली की रात्री सुजायचा. मी तिला काठी आणून दिली आणि सांगितलं की गुडघा उजवा, म्हणून काठी डाव्या हातात धरायची. तिला हे अजिबात पटलं नाही.

"दुखणाऱ्या पोराचाच हात धरतात ना गो? का भावाचा धरतात?"

मी तिला नीट समजावलं. उजवा पाय टेकताना डाव्या हाताने काठीवर भार दिला की उजवीकडचं ओझं कमी होतं. तिने मान हलवली, काठी डाव्या हातात घेतली, गल्लीच्या वळणापर्यंत तशी चालली आणि वळल्यावर पुन्हा उजव्या हातात घेतली. मी मागून बघत होते. वीस वर्षं लोकांना चालायला शिकवल्यावर माणसाला एक गोष्ट कळते, ती म्हणजे रागावून कुणी चालायला शिकत नाही.

सूज उतरेना तेव्हा मी तिला पेणला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दाबून, वाकवून पाहिलं आणि एमआरआय करायला सांगितलं. त्या रविवारी सोलोमनने मला मुद्दाम फोन केला. "सुमनताई, रिपोर्ट आला की नीट वाचून मला सांगा. डॉक्टर म्हणाले की तिला एकटीला राहता येणार नाही, तर मी त्याच आठवड्यात येऊन तिला घेऊन जातो. पण ते डॉक्टरांनी बोललं पाहिजे. माझ्या बोलण्याने ती यायची नाही. मला बंदीच आहे बोलायची." मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि देवाला हात जोडले, गुडघा चांगला निघू दे म्हणून. तिचं घर तिच्यापासून सुटू नये म्हणून मी प्रार्थना करतेय, असं माझं म्हणणं होतं. देवाने हसून घेतलं असेल.

स्कॅनच्या दिवशी मावशी नवं पातळ नेसून, केसांना तेल लावून तयार. मी म्हटलं, "मावशी, फोटो गुडघ्याचा काढणार आहेत." तिने पदर सारखा केला. गाडी रोह्याहून निघाली, कासू स्टेशन आलं तशी खिडकीबाहेर बघत तिने विचारलं, "खराब असला तर त्यात समदं दिसतं ना गो?"

"सगळं दिसतं."

"लपत नाय ना काय?"

"काही लपत नाही."

तिने समाधानाने मान हलवली. मला वाटलं, घाबरलीय.

पेणच्या सेंटरमधल्या मुलाने नाव लिहून घेताना विचारलं, "हन्ना म्हणजे ख्रिश्चन का आजी?" मावशी म्हणाली, "नाय." "मग मुसलमान?" "नाय रे बाबा. वरशाची." तो पुढे काही विचारायच्या भानगडीत पडला नाही. मशीनमधून बाहेर आली तेव्हा मी विचारलं, कसं वाटलं. म्हणाली, "पिठाच्या गिरणीत निजल्यासारखं."

रिपोर्ट घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तो पाहिला, ऑपरेशन नको म्हणाले, व्यायाम आणि काठी पुरेल म्हणाले. बाहेरच्या बाकावर बसून मी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि तिला दाखवू लागले. हे माझं आवडतं काम आहे, त्यातून मी कुणालाही सोडत नाही. "हे वरचं मांडीचं हाड. हे खालचं नडगीचं. दोन्ही हाडांच्या टोकांवर हे जे पातळ अस्तर दिसतंय ना, ती कूर्चा. तिच्यामुळे हाड हाडावर सरकतं, घासत नाही. इथे आतल्या बाजूला बघ, अस्तर झिजून पातळ झालंय. पार गेलेलं नाही. आणि हाडांच्या मध्ये हे काळे त्रिकोण आहेत, त्या गादीसारख्या चकत्या. या चकतीत ही पांढरी रेघ दिसते, ती चीर. आणि हे पांढरं पसरलंय ते पाणी, त्याची सूज."

"चीर म्हंजे फाटलाय ना?" तिने पुढे वाकून विचारलं.

"फाटलाय, पण तुझ्या वयात कित्येकांच्या गुडघ्यात अशी चीर सापडते, आणि त्यातले काहीजण डोंगर चढतात. मावशी, फिल्मला काही दुखत नसतं. माणसाला किती दुखतं ते बघायचं. झिजलेली कूर्चा पुन्हा येत नाही, पण मांडीचे स्नायू घट्ट केले की ते गुडघ्याचा भार उचलतात. मी करून घेते तुझ्याकडून."

"म्हंजे लई खराब नाय."

"नाही."

"एकटीला राहता येईल."

"आरामात. आणि मी आहे ना."

"बरं," ती म्हणाली. तिने फिल्म पाकिटात घातली आणि पाकीट मांडीवर ठेवून त्याच्यावरून हात फिरवत राहिली. गाडीत बसल्याबरोबर नव्या पातळाचा पदर तिने डोक्यावरून घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, थकली असेल. मी मात्र इतकी खुशीत होते की स्टेशनवर उतरल्यावर पावशेर जिलबी घेतली.

सोलोमनला कळवलं. तो म्हणाला, "बरं झालं." मग पुन्हा म्हणाला, "बरं झालं." दुसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज लहान झाला होता.

मी तिला व्यायाम शिकवले. पाय पसरून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती गुडघ्याने दाबायची. पाय सरळ ठेवून उचलायचा. जमिनीवर उकिडवं बसायचं नाही. रोज सकाळी दवाखान्यात जाताना मी विचारायचे, केलास का. "करीन," ती म्हणायची. टॉवेल मी ठेवलेल्या जागी तसाच, घडी न मोडलेला असायचा. मला संताप यायचा. माझ्याकडे असे पेशंट येतात, ज्यांना बरं व्हायचं नसतं. एखादीला माहीत असतं की खांदा बरा झाला की पुन्हा पाण्याचे हंडे आपल्याच डोक्यावर येणार. एखाद्याचा मुलगा दुखणं आहे तोवरच जवळ बसतो. अशा माणसाचा सांधा कितीही चोळा, सुटत नाही. मला हे चांगलं माहीत होतं. पण मावशीचं काय अडलंय, हे मला सुचत नव्हतं.

त्या दिवसांत ती अधूनमधून एकेक वाक्य टाकायची. वाल निवडता निवडता म्हणायची, "तिथं घरात जिना नसतो म्हणे. लिफ्ट असते." मी म्हणायचे, असू दे, आपल्याला काय करायचंय. कधी म्हणायची, "तिथं शनिवारी समदं गाव बंद असतं. समद्यांचाच शनिवार." मी म्हणायचे, कंटाळा येत असेल मग. टीव्हीवर तिकडच्या लढाईच्या बातम्या लागल्या की ती उठून टीव्ही बंद करायची आणि रविवारचा फोन येईपर्यंत तिला जेवण जायचं नाही. मी म्हणायचे, बघ, तू इथे आहेस तेच बरं. ती माझ्याकडे बघायची आणि पुन्हा वाल निवडायला लागायची.

श्रावणातला शनिवार होता. आभाळ गच्च भरलेलं. मी गेले, आतून आवाज आला, "आज लई अंधार हाय." मी दिवा लावला. चहाची तल्लफ आल्याचं कळलं, आधण ठेवलं. माझी पाठ तिच्याकडे होती. आणि मागून तिचा आवाज आला, "सोलोमनच्या घरात एक खोली रिकामी हाय."

मी वळून पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती, हात मांडीवर. आवाज तोच होता, अंधार आहे सांगणारा. चहा उतू गेला आणि गॅस विझला, तरी मी तशीच उभी. लिफ्ट, बंद असलेलं गाव, टीव्ही, नवं पातळ, खराब असला तर सगळं दिसतं ना, या सगळ्यांत आता मला हाच आवाज ऐकू येऊ लागला. तिला जायचं होतं. कधीपासून कुणास ठाऊक. स्वतःच दिलेल्या शब्दात ती अडकून बसली होती आणि तिने त्या गुडघ्यावर भरवसा ठेवला होता. गुडघा बोलला असता तर तिला बोलावं लागलं नसतं. आणि मी जिलबी घेतली होती.

खरं सांगते, ऐकलं नाही असं करणं फार सोपं होतं. तिने पुन्हा म्हटलं नसतं. ती वरशातच राहिली असती, मी दर शनिवारी दिवा लावला असता, आणि दोघी म्हाताऱ्या झालो असतो, ती आधी, मी मागून. मला ते हवं होतं. मी सांडलेला चहा पुसला, नवा टाकला, कप तिच्या हातात दिला. त्या वाक्यावर मी काही बोलले नाही, कारण शनिवारच्या वाक्याला उत्तर द्यायचं नसतं. उठून ते काम करायचं असतं. घरी आले आणि सोलोमनला निरोप ठेवला. त्यांचाही शनिवार संपल्यावर त्याचा फोन आला.

"गुडघा बिघडला का?" त्याने घाबरून विचारलं.

"गुडघ्याचं सोडा. न्यायला या."

"ती म्हणाली?"

"ती म्हणणार नाही. आणि तुम्ही विचारूही नका. चल म्हणू नका. तिकडे काय अडलंय, एवढंच तिला सांगा."

पलीकडे त्याने दार लावून घेतलं. मग म्हणाला, "मला वाटत होतं, तिला बापाला सोडवत नाही."

"ते तर नाहीच सोडवत," मी म्हटलं. "पण तिला तुम्हालाही सोडवत नाही."

पाऊस ओसरल्यावर तो आला. पहिल्या दिवशी त्याने काही विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं ओट्यावर बसलो होतो. सोलोमन समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "आई, तिकडं घरात कुणाला मलिदा करता येत नाय. पोहे गिच्च होतात." शेवटी तिचाच मुलगा. मलिदा म्हणजे त्यांचा प्रसाद. पोहे, गूळ, खोबरं, वेलची आणि वरून फळं. लग्न असो, प्रवास असो, नवस फेडायचा असो, एलियाहू हन्नाबी या त्यांच्या पैगंबराचं नाव घेऊन मलिदा करतात.

"भिजत घालत असतील," मावशी म्हणाली.

"व्हय. तासभर."

"पोहे भिजवायचे नसतात. नुसते धुवायचे."

"तिकडं कुणाला ठाऊक नाय ते."

मावशीने लांब सुस्कारा सोडला, जगाची सगळी पंचाईत आपल्याच गळ्यात पडल्यासारखा. "मग मला यायला लागंल म्हण."

"यायला लागंल," सोलोमन म्हणाला आणि उठून मागच्या दारी गेला. बराच वेळ तो तिकडे नळावर तोंड धूत होता.

निघायच्या आदल्या दिवशी मलिदा झाला. पेणहून दोघंतिघं आले, प्रार्थना म्हटल्या. मावशीने पोहे मला धुवायला लावले आणि शेजारी बसून दर वेळी पाणी ओतताना "बास" म्हणाली. संध्याकाळी आम्ही दोघी तिच्या नवऱ्याच्या कबरीवर गेलो. तिने एक खडा शोधला, पदराला पुसला आणि दगडावर ठेवला, मग तिथेच उभी राहिली. तिच्या लोकांत फुलं वाहत नाहीत, खडा ठेवतात. परत येताना गल्लीचं वळण आलं तेव्हा मी पाहिलं, काठी डाव्या हातात होती. वळण गेलं तरी डाव्याच हातात होती.

दुसऱ्या दिवशी गाडी दारात आली. बायका रडत होत्या, ती रडत नव्हती. दाराच्या चौकटीवरच्या त्यांच्या पवित्र डबीला बोटं लावून तिने ती ओठांना टेकवली. गाडीत बसल्यावर काच खाली करून मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही सांगेल, जप म्हणेल. ती म्हणाली, "सुमन, गुडघा बरा हाय माझा."

"माहीत आहे," मी म्हटलं.

पहिल्या शनिवारी सवयीने मी तिच्या ओट्यापर्यंत गेले. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. कुलूप होतं, कढीलिंबाच्या झाडाखाली पानं पडली होती. पुढच्या शनिवारी गेले नाही, घरात बसून राहिले. रोह्यात ओळखीचे पुष्कळ आहेत, रस्त्याने जाताना दहा जण थांबवून गुडघे दाखवतात. पण माझी वाट बघणारं कुणी नाही. हे असं लिहिल्यावर जरा नाटकी दिसतं, पण तसंच आहे.

रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. नात फोन धरायची, त्यामुळे कधी मावशीचं कपाळ दिसायचं, कधी नुसतं छत. ती सांगायची की नातीचे पोहे आता मोकळे होतात. मग एकदा म्हणाली, "हितं शनिवारी दिवे आपोआप लागतात गो. आधीच लावून ठेवतात तसं काय तरी. लिफ्ट बी आपोआप थांबते. कुणाला काय सांगायला लागत नाय." एवढं सांगून ती बाजूला कुठेतरी बघायला लागली.

मी भिंतीकडे बघत म्हटलं, "शनिवारी संध्याकाळी मला आता काही काम नसतं, मावशी."

तिने कढीलिंबाला पाणी घालतेस का, एवढं विचारलं. मी घालते म्हटलं. फोन संपला.

पुढच्या शनिवारी माझं जेवण झालं होतं, भांडी घासून झाली होती. हिवाळ्याचे दिवस, बाहेर सगळं शांत. फोन वाजला. शनिवारी तिचा फोन कधीच येत नसे. मी धावत जाऊन उचलला.

"काय झालं मावशी? बरी आहेस ना?"

"काय नाय गो," ती म्हणाली. तिला धाप लागली होती, बाहेर उघड्यावर येऊन उभी असावी. "चांदण्या दिसल्या."